नाईट करून आल्यावर प्रार्थना होत नाही, देव दूर गेला का?

प्रश्न: मावशी, सलाम. मी २९ वर्षांची आहे. पुण्यात एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे, महिन्यातल्या दहा-बारा रात्री ड्यूटी असते. घरी चार वर्षांचा मुलगा आणि अर्धांगवायू झालेल्या सासूबाई. माझी आई रोज पहाटे चारला उठून गुडघ्यांवर जायची. मी बायबल उघडते आणि तिसऱ्या ओळीला झोपते. चर्चच्या मंडळीत सगळे डोळे भरून गातात, मला काहीच वाटत नाही. मागच्या महिन्यात एका रात्रीत दोन पेशंट गेले, तेव्हाही काही वाटलं नाही. देव माझ्यापासून दूर गेला का? की मीच गेले? आणि असल्या दिवसांत त्याची समक्षता शोधायची तरी कशी?

उत्तर:

सलाम, बाळा.

तुझा प्रश्न दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा माझं लक्ष एकाच शब्दावर अडलं. 'झोपते.' मी ३४ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली पहिली अकरा मिशन हॉस्पिटलात. निवृत्त झाल्यापासून मंडळीच्या वतीनं रुग्णभेट करते, गुरुवारी बायकांची प्रार्थना घेते. इतक्या वर्षांत 'देव दूर गेला' असं सांगत ज्या नर्सेस माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेक जणी मुळात दमलेल्या होत्या. म्हणून आधी झोपेचं बोलते, मग प्रार्थनेचं.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुला संडे स्कूलपासून माहीत असेल. १ राजे, अध्याय १९. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला ज्यानं पाहिला, तोच माणूस थोड्याच दिवसांत रानात एका झुडपाखाली बसून 'आता मला मरण दे' म्हणतो. देव त्याला तिथं काय सांगतो? काहीच नाही. देवदूत येतो, त्याला हलवून उठवतो, भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा आडवा होतो. त्याला कुणी रागावत नाही. देवदूत दुसऱ्यांदा येतो, परत खाऊ घालतो, आणि म्हणतो की वाट तुझ्या ताकदीबाहेरची आहे. होरेब डोंगरावरची देवाची ती मंद, हळू वाणी त्याच्या कानी पडते ती त्यानंतर चाळीस दिवसांनी. आपण प्रवचनात थेट होरेबावर पोचतो. मला मात्र वॉर्डात कायम त्या भाकरीचा आणि दोन झोपांचा आधार वाटला.

तेव्हा नाईट संपवून घरी आलीस की आधी काहीतरी खा, पडदे ओढ, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि झोप. बायबल उशाशी राहू दे, पण 'वाचलं नाही' हा बोजा घेऊन डोळे मिटू नकोस. अंथरुणाला पाठ टेकली की 'प्रभू, मी आले' एवढं म्हणालीस तरी ती प्रार्थना आहे.

दोन पेशंट गेले आणि काही वाटलं नाही, हे तू जरा घाईनं लिहून टाकलंयस. मला ते तसं सोडून द्यायचं नाही. आयसीयूत सतत मरण पाहणाऱ्या माणसाचं मन कधीकधी गोठतं. ते पाप नाही, विश्वास कमी पडल्याची खूणही नाही, दुखणं मात्र असू शकतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह तपासून घे. तू दुसऱ्यांना सांगतेस तेच तुला सांगतेय. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, सुट्टीच्या दिवशीही झोप येत नसेल, किंवा 'आपण नसतो तर बरं' असा विचार एकदा जरी डोकावून गेला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेट. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६. तिथं मराठीतही बोलता येतं. आपल्या मंडळ्यांमध्ये अजूनही काही जण सांगतात की प्रार्थना वाढव, डॉक्टर कशाला. ज्यानं आपल्याला शुभवर्तमान लिहून दिलं तो लूक स्वतः वैद्य होता, हे अशा वेळी ते विसरतात.

आता तुझ्या आईचं. पहाटे चारला उठणाऱ्या आया मी खूप पाहिल्या, माझीही त्यांतलीच. त्या चारला उठत कारण त्या नऊला निजत. रात्री दोन वाजता व्हेंटिलेटरचा अलार्म बंद करायला त्यांना जावं लागत नव्हतं. तुझ्या आईनं तिच्या दिवसातला सगळ्यात शांत तुकडा देवाला दिला. तुझ्या दिवसात तसा तुकडा कुठं आहे ते तुला शोधावं लागेल, आणि तो चारला नसणार.

'समक्षता' हा शब्द आपण मंडळीत इतका वापरतो की त्याचा अर्थच बोथट झालाय. एरवी हाच शब्द आपण कसा वापरतो बघ. 'समक्ष भेटून बोलू.' कचेरीच्या पत्रात 'समक्ष हजर राहावे' असं असतं. समक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. देवाच्या बाजूनं यात काही कमी पडतं का? स्तोत्र १३९ उघडून पाहा. कुठं गेलो तरी तुझ्यापुढून पळणार कुठं, असं दाविदाला वाटतं. तो समक्ष आहेच. हजर राहायचं असतं ते आपल्याला. एका पेशंटपाशी उभं असताना मन पुढच्या तिघांकडे, घरी आलं की मन वॉर्डात, उपासनेत बसलं की मन गॅसवर ठेवलेल्या कुकरपाशी. आपण आहोत तिथं नसतो, मग तिथं असलेला देव दिसणार कसा? माझ्या अनुभवात समक्षता शोधणं म्हणजे बहुतांशी एवढंच होतं: जे हातात आहे त्याच्यापाशी मनानं येऊन उभं राहणं, आणि तिथून देवाशी बोलणं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. १९८७-८८ च्या सुमाराची गोष्ट आहे, मी नवीन होते. मला बर्न्सच्या खोलीत टाकलं होतं. स्टोव्हचा भडका होऊन भाजलेली एक बाई तिथं होती. रोज सकाळी सहाला तिचं ड्रेसिंग. मलमाची गॉज चिकटलेली असायची, सलाइननं भिजवून भिजवून सोडवायची, तरी ती ओरडायची. साडेपाच वाजले की माझ्या पोटात गोळा यायचा. मी घाई करायचे. घाई केली की गॉज ओढली जायची, ओढली की ती आणखी ओरडायची.

आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरनं हे दोन-तीन दिवस पाहिलं असावं. चौथ्या दिवशी त्या सिंकपाशी येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. कोपरानं उघडायचा नळ होता. त्या म्हणाल्या, "हात धुवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिचं नाव घे. देवासमोर घे. आणखी काही मागू नकोस." मी म्हटलं, नुसतं नाव? "नुसतं नाव. आणि पाणी बंद केल्यावर पळू नकोस, चालत जा."

मी ते करायला लागले. साबण तळव्यांना, बोटांच्या मध्ये, नखांखाली, मनगटापर्यंत, आणि मनात तिचं नाव. खरं सांगते, त्या सिंकपाशी मला कधीही काही जाणवलं नाही. अंगावर शहारा आला नाही, डोळे भरले नाहीत. पण आठ-दहा दिवसांनी एका सकाळी मी ट्रे घेऊन आत गेले तर ती म्हणाली, "आज तुम्ही आहात का? बरं झालं." तोवर मला माहीतच नव्हतं की माझे हात बदललेत. याकोब बेथेलला दगड उशाला घेऊन झोपला आणि उठल्यावर म्हणाला, देव इथं होता आणि मला कळलं नाही. मला तो अध्याय त्या दिवशी कळला.

तुमच्याकडे आता सिंकपेक्षा हँडरबच जास्त असणार, प्रत्येक बेडच्या पायथ्याशी बाटली. वीस-तीस सेकंद हात चोळायचे असतात. एका रात्रीत ते तू किती वेळा करतेस, मोजून बघ. ती प्रत्येक वेळ तुझी आहे. नाव घे. बेशुद्ध पेशंटचंसुद्धा. त्याचं खरं नाव घे, 'बेड नंबर सहा' नको.

आपल्या मराठी मंडळीला हे परकं नाही. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. तिला वाचता येत नव्हतं. पहाटे जातं ओढताना ती रेव्हरंड टिळकांची गाणी म्हणायची. जी येत नसत तिथं स्वतःच्या ओव्या घालायची, त्यांत सून, गाय, पाऊस, पाळकसाहेबांचा खोकला, सगळं यायचं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं ते सांगत. त्यांनी आपल्याला जे दिलं ते अभंगात आणि ओवीत बसवून दिलं, म्हणजे हाताला काम असताना ओठांवर राहील अशा चालीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचंही बघ. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. त्यांचं मन पालटलं ते एखाद्या मोठ्या सभेत पालटलं नाही. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं आणि कुणाच्या हातचं नाही, या घरातल्या प्रश्नाशी झगडताना ते पालटलं. आपल्याकडे देव बराचसा स्वयंपाकघरातूनच आत आलाय.

फ्रान्समध्ये सतराव्या शतकात असाच एक जण होता, ब्रदर लॉरेन्स. आधी शिपाई होता, लढाईत पायाला जखम झाली, पुढे पॅरिसच्या कार्मेल मठात सेवक-बंधू म्हणून राहिला. त्याला स्वयंपाकघरात टाकलं, आणि स्वयंपाकघर त्याला मनापासून नकोसं होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याला काम आवडत होतं म्हणून त्यात देव सापडला, असं नाही. नावडत्या कामात तो वर्षानुवर्षं देवाशी बोलत राहिला आणि भांड्यांच्या खडखडाटातही आपण वेदीपुढे गुडघे टेकल्यासारखेच देवाजवळ असतो, असं तो म्हणायला लागला. तुला आयसीयू आवडलंच पाहिजे अशी अट नाही.

आता मंडळीत डोळे भरण्याचं. काहींना देव तसं देतो, त्यांच्याबद्दल मनात किंतु ठेवू नकोस. १९०५ साली केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली तास न् तास मोठ्यानं रडत प्रार्थना करत होत्या, आणि ते देवाचंच खरं काम होतं असं मी मानते. पण त्याच केडगावात छापखाना होता, हातमाग होते, शेती होती, गुरं होती. त्याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलाचं मराठी भाषांतर करत वर्षानुवर्षं टेबलापाशी बसल्या. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम चालू राहिलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. अख्खं बायबल छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये. एकुलत्या एका लेकीला मूठमाती दिल्यावर प्रुफं हातात घेणाऱ्या बाईच्या मनात काय चाललं असेल, याचा मी खूप वेळा विचार करते. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीनं केडगाव फार लांब नाही. एखाद्या सुट्टीला लेकाला घेऊन जाऊन ये.

आणि मदर तेरेसा. २००७ साली त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा आमच्या हॉस्पिटलातल्या कित्येक जणी हादरल्या होत्या. जवळपास पन्नास वर्षं त्यांना आत अंधार होता, देव आहे असं वाटत नव्हतं, आणि तरी त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या, रस्त्यावरच्या मरणाऱ्या माणसाला उचलत होत्या. मला त्या पत्रांनी धीर दिला. वाटणं ही देणगी आहे. ती मिळाली तर आभार मान, नाही मिळाली तर ती नसल्यानं देव कमी झाला असं समजू नकोस.

काहीच वाटत नाही, हेसुद्धा त्यालाच सांग. १५० स्तोत्रांपैकी निदान तिसरा हिस्सा तरी तक्रारीचा आहे. स्तोत्र १३ 'किती काळ' याच प्रश्नानं सुरू होतं. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत उजाडतच नाही. त्याचा शेवटचा शब्द अंधार आहे, आणि ते पवित्र शास्त्रात तसंच ठेवलंय, कुणी त्याला गोड शेवट जोडला नाही. नाईटच्या आठवड्यात तू रोज अध्याय वाचायचा प्रयत्न सोड. एका स्तोत्रातली एक ओळ घे, ड्यूटीच्या चिठ्ठीमागे पेननं लिहून युनिफॉर्मच्या खिशात ठेव. आठवडाभर तीच ओळ. डोळे मिटत असतील तर ऐक, मराठी बायबल आता फोनवर वाचून दाखवलेलंही मिळतं. आठवडाभर खिशात राहिलेली एक ओळ घाईत वाचलेल्या सात अध्यायांपेक्षा जास्त खोल जाते, हे मी स्वतः करून सांगतेय.

तू 'ओव्हर' देतेस ना रोज? मी रात्रीची प्रार्थना तशी करते, आणि तुलाही तेच सांगेन. ओव्हर देताना आपण काय करतो? कोण कसा आहे, काय केलं, काय राहिलं, कशावर लक्ष ठेवायचं, आणि मग किल्ल्या दुसरीच्या हातात देतो. राहिलेलं काम लपवलं तर पुढचीला त्रास होतो, म्हणून तेही सांगावं लागतं. दिवस संपताना, किंवा तुझ्या बाबतीत सकाळी नऊ वाजता, देवाला ओव्हर दे. आज हे झालं. इथं मी चुकले, त्या नातेवाइकावर उगाच खेकसले. हे राहिलं. सहा नंबरचा घाबरलाय, त्याच्याकडे बघ. आणि किल्ल्या दे. स्तोत्र १२१ म्हणतं की इस्राएलाचा राखणदार डुलकीही घेत नाही. पुढची ड्यूटी त्याची आहे, तुझी संपली. दोन मिनिटं पुरतात. इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संतानं सोळाव्या शतकात दिवसाचा असाच मागोवा घ्यायला शिकवलं होतं. कॅथलिक बहिणींना ते चांगलं ठाऊक असतं, आपण प्रोटेस्टंटांनी ते उगाच लांब ठेवलं.

ड्यूटीवर विश्वास कसा जगायचा, हे तू विचारलं नाहीस, पण सांगून टाकते. टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास, न मोजता चार्ट भरणं किती सोपं असतं हे तुला माहीत आहे. पहाटे चारची रीडिंग्ज, कुणी बघत नाही, मागच्या आकड्यात दोन इकडेतिकडे केले की झालं. तिथं न चुकता बीपीचा कफ बांधणं, खरा आकडा लिहिणं, आणि चुकीचा डोस गेला तर तो स्वतःहून सांगणं, ही माझ्या लेखी देवाच्या समक्षतेत चालण्याची पहिली पायरी आहे. पेशंटपुढे प्रवचन करू नकोस. नाकात नळी असलेला, घाबरलेला माणूस 'नको' म्हणू शकत नाही. त्याच्या लाचारीचा फायदा घेऊन त्याला आपलं सांगणं ख्रिस्ताला शोभत नाही. त्यानं स्वतःहून म्हटलं की सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा, तर अवश्य कर, त्याच्या भाषेत, थोडक्यात. एरवी मनात कर. हिंदू असो, मुसलमान असो, त्याच्या उशाशी त्याच्या घरच्यांनी ठेवलेला अंगारा किंवा तावीज असेल तर तो नीट जपून ठेव. बेडशीट बदलताना तो हरवला नाही, एवढ्यावरही माणसं तुझी श्रद्धा ओळखतात.

सासूबाईंकडे येते. मत्तयाच्या २५व्या अध्यायात प्रभू म्हणतो की माझ्या या अगदी लहानांतल्या एकाला जे केलं ते मला केलं. सासूबाईंची कूस बदलताना, त्यांचं तोंड पुसताना, हे वचन आठव. त्या वेळी तू ज्याला शोधतेयस तो तुझ्या हाताखाली असतो. पण याच वचनाचा जो दुरुपयोग होतो त्याची मला चीड आहे. सेवा म्हटली की सगळी सुनेच्या अंगावर, आणि मुलगा रविवारी मंडळीत अर्पणाची थैली फिरवणार. योहानाच्या १३व्या अध्यायात कंबरेला रुमाल बांधून पाय कोणी धुतले? घरातल्या धाकट्यानं नव्हे, गुरूनं. म्हणून तुझ्या नवऱ्याला बसवून सांग की आठवड्यातले अमुक दिवस आईची आंघोळ तुझी. त्याला जमत नसेल तर तू शिकव, तुझ्याहून चांगलं कोण शिकवेल? पैसे पुरत असतील तर दिवसा चार तासांची बाई ठेवा. तू मोडून पडलीस तर देवाचा गौरव होणार नाही.

मुलासाठी कौटुंबिक उपासना मोठी करू नका. एक गाणं, प्रभूची प्रार्थना, आणि आज कुणासाठी मागायचं ते त्याला विचार. चार वर्षांचं पोर वॉचमनकाकांसाठी मागेल, जिन्यातल्या मांजरीसाठी मागेल. मागू दे. जमलं तर हे आजीच्या पलंगाशेजारी करा. बोलता येत नसलेल्या माणसांनाही लहानपणचं गाणं म्हणता आल्याचं मी अनेकदा पाहिलंय. शब्द गेलेले असतात, चाल राहिलेली असते.

हे सगळं करूनही आत कोरडंच राहिलं, तर एक गोष्ट तपासून बघ. मी ही सहज सांगत नाही, कारण ती माझ्यावरून गेलीय. माझी आणि माझ्या जाऊबाईंची सासऱ्यांच्या घरावरून बोलचाल बंद झाली होती. चौदा महिने. मी त्या काळात रोज प्रार्थना करत होते, गुरुवारची सभाही घेत होते, आणि ते सगळं भिंतीवर डोकं आपटल्यासारखं होतं. एका रविवारी प्रभुभोजनाला पुढे गेले आणि मत्तयाच्या ५व्या अध्यायातलं वचन समोर उभं राहिलं: वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. मी भाकर न घेता मागे फिरले. लोकांनी पाहिलं.

संध्याकाळी मी कुळथाचे शेंगोळे केले, त्यांना आवडतात, आणि डबा घेऊन गेले. दारात म्हटलं, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "ठेवा तिथं." डबा उघडला नाही, मला बसा म्हणाल्या नाहीत. मी परत आले. वाटेत रडले, पण घरी येऊन गुडघ्यांवर गेले तेव्हा चौदा महिन्यांत पहिल्यांदा समोर कुणी आहे असं वाटलं. घराचा वाद मिटला नव्हता, जाऊबाईंचा राग गेला नव्हता. दोन महिन्यांनी त्यांनी माझा डबा परत पाठवला. रिकामा नाही, आत तिळाच्या वड्या होत्या.

तुझ्या आयुष्यात असं कुणी आहे का, मला माहीत नाही. नसेल तर ओढूनताणून शोधू नकोस. असेल तर तुला आत्ता वाचतानाच त्यांचं नाव आठवलं असेल.

रविवारच्या ड्यूट्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी केला, असं प्रभूनंच सांगितलंय. पण महिन्यातून एकदा तरी प्रभुभोजन चुकवू नकोस. पाळकसाहेबांना सांग की माझ्या ड्यूट्या अशा असतात. ते घरी येऊन देतील, सासूबाईंनाही मिळेल. अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य कित्येक मैल पुन्हा उठलेल्या प्रभूबरोबर चालले, त्यानं त्यांना शास्त्र उलगडून सांगितलं, तरी ओळख पटली ती घरात, जेवायला बसल्यावर, त्यानं भाकर मोडली तेव्हा. आणि एकटी राहू नकोस. तुझ्या हॉस्पिटलात आणखी दोघी-तिघी असतील. पँट्रीत चहाच्या वेळेला तिघींनी पाच मिनिटं एकमेकींची नावं घेतली, तर दोघे किंवा तिघे जमतात तिथं मी आहे, हे वचन पँट्रीलाही लागू आहे.

पुढच्या महिन्याचा ड्यूटी चार्ट लागला की तुझ्या नाईटच्या तारखा मला कळव. मला आता तशीही पहाटे चारला जाग येते. तू त्या वेळी बेडजवळ उभी असशील. इकडे गुडघ्यांवर जायचं काम तेवढ्या रात्री मी करेन, आणि तुझं नाव घेईन.